चाच्याचा खजिना मुळात कुणाचा? ‘द गूनीज’ न आवडण्यामागची पार्श्वभूमी

‘द गूनीज’ हा १९८५ सालचा सिनेमा ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांच्यापुढे ‘मला नाही आवडला’ म्हणायची सोय नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला तो थेट चाळिशीत. मे महिन्यात मुंबईचे भाचे देवगडला आले होते. शेजारच्या खोलीत आंब्याची अढी घातलेली, घरभर वास, आणि आम्ही चौघं लॅपटॉपसमोर.

कथा स्टीव्हन स्पीलबर्गची, पटकथा ख्रिस कोलंबसची, दिग्दर्शक रिचर्ड डोनर. ओरेगनमधलं ॲस्टोरिया हे कोलंबिया नदीच्या मुखावरचं गाव. तिथल्या पोरांची घरं कर्जापायी जाणार असतात. माळ्यावर त्यांना विली नावाच्या एका एकाक्ष चाच्याचा नकाशा सापडतो. मग भुयारं, सापळे, मागे लागलेलं गुन्हेगार कुटुंब आणि शेवटी चाच्याचं जहाज. मूठभर हिरेमाणकांवर घरं वाचतात. मोठ्या माणसांवाचून, सायकली दामटत मुलं आपापली निघतात याचं लोकांना अप्रूप वाटलं, ते मला कळतं. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या सिनेमाचा समावेश झाला. ॲस्टोरियात ७ जूनला, म्हणजे प्रदर्शनाच्या तारखेला, चाहते जमतात.

पण सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. चंक नावाच्या जाड्या मुलाला फाटकाबाहेर अडवून ठेवतात. शर्ट वर करून पोट हलवून दाखवलंस तरच आत, अशी अट. तो बिचारा दाखवतो, बाकीचे हसतात. माझा मधला भाचा अंगाने भरलेला आहे. तोही हसला, पण हसता हसता त्याने शेजारची उशी ओढून पोटावर घेतली आणि सिनेमा संपेपर्यंत सोडली नाही. थोड्या वेळाने एक मुलगा घरकामाच्या बाईला तिच्याच भाषेत भलतंसलतं सांगून घाबरवतो. तिला इंग्रजी येत नाही, गंमत काय ती तेवढीच. त्या उशीनंतर माझं मन त्या सिनेमात रमलं नाही.

तरी माझी खरी तक्रार खजिन्याबद्दल आहे. सिनेमात तो बेवारशी आहे. विलीने कुणाला लुटलं हे एकही मूल विचारत नाही. ही सवय सिनेमाने लावलेली नाही, ती फार जुनी आहे. आणि तिचा उगम शोधत गेलं की वाट आपल्याच किनाऱ्यावर येते.

चाच्याने पुरलेल्या खजिन्याचं सगळ्यात गाजलेलं खरं उदाहरण विल्यम किडचं. हा स्कॉटिश कप्तान १६९७ साली कारवारला नांगर टाकून गेला. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज पकडलं. ते बंगालहून सुरतेकडे निघालं होतं. त्यावर मलमल, रेशीम, साखर, अफू, सोरा असा माल होता. मालक आर्मेनियन व्यापारी, आणि काही माल मोगल दरबारातल्या एका सरदाराचा. त्याच सफरीतलं सोनंचांदी १६९९ मध्ये किडने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर पुरलं. ते लगेच उकरून काढलं गेलं, आणि १७०१ मध्ये किडला लंडनला फाशी झाली.

त्याआधी, १६९५ मध्ये, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे मोगल जहाज लुटलं. त्यावर यात्रेकरू होते. दिवसचे दिवस छळ झाला, बायकांवर अत्याचार झाले. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही, आणि इंग्लंडात त्याच्यावर पोवाडे निघाले.

पुढे किडच्या पुरलेल्या सोन्यावर एडगर ॲलन पो याने १८४३ साली कथा रचली. १८८१ च्या पावसाळी सुट्टीत स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने सावत्र मुलाच्या नादाने एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ हे पुस्तक आलं आणि फुलीचा नकाशा कायमचा मुलांच्या डोक्यात बसला. सुरतेचा माल, आर्मेनियन व्यापारी, यात्रेकरू बायका या प्रवासात कुठेतरी गळाल्या. उरला तो पेटारा. ‘द गूनीज’ने तोच पेटारा उचलला.

आमच्याकडे ‘चाचा’ हा शब्द कुणाला चिकटवला गेला, तेही इथे सांगायला हवं. सरखेल कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग त्यांच्या ताब्यात. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने पैसे भरून त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा, नाहीतर जहाज जप्त, हा राज्याचा कर होता. पोर्तुगीज हेच आधीपासून करत होते. इंग्रजांना मात्र ते सोसलं नाही. १७२१ मध्ये दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला आणि हात हलवत परतले. १७३७ साली क्लेमेंट डाउनिंग या इंग्रजाने आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘आंग्रे, चाचा’ असं छापून टाकलं. शिक्का बसला तो बसला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. पेशव्यांचं सैन्य कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांच्याच बाजूने होतं, हे दुःख वेगळं. खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना त्यातलं काही दिलं नाही. मुंबई सोडण्याआधीच कुणाला किती हिस्सा हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

सिनेमानंतर दोन दिवसांनी मुलांना विजयदुर्गाला नेलं. किल्ल्यात भुयार आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे आधी त्याचीच शोधाशोध झाली. मग समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा दाखवल्या. मधला भाचा बराच वेळ तिथेच उभा होता. एका खोलगट खड्ड्यात त्याने मूठ घालून पाहिली, ती पुरी आत गेली.

“मामा, मग इथला खजिना कुणी नेला?”

मी सांगितलं. त्याने वॉटसनचं नाव दोनदा म्हणून पाहिलं, मूठ बाहेर काढली आणि धाकट्याला हाक मारली, खड्डा दाखवायला.