सुरुवातीच्या भयपटांतले कृष्णवर्णीय नट

१९३२ साली हॉलीवूडमध्ये भयपटांचा धंदा जोरात होता. त्या वर्षी 'द ममी'मध्ये नुबियन (नाईलकाठच्या आफ्रिकी प्रदेशातला) सेवक झालेला नोबल जॉन्सन हा कृष्णवर्णीय नट 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये तोंडाला गोरा रंग फासून रशियन कोसॅक, म्हणजे लढवय्या घोडेस्वार जमातीतला माणूस, म्हणून उभा राहिला. पुढच्या वर्षी 'किंग काँग'मधल्या टोळीचा मुखियाही तोच. धिप्पाड देह, उजळ वर्ण आणि चित्रपट कृष्णधवल. त्यामुळे कुठल्याही देशाचा परका माणूस हवा असला की जॉन्सनला बोलवायचं.

याच जॉन्सनने १९१६ मध्ये 'लिंकन मोशन पिक्चर कंपनी' ही कृष्णवर्णीयांची चित्रपट कंपनी उभी करण्यात पुढाकार घेतला होता. आदल्या वर्षीच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये गोऱ्या नटांनी काळं फासून कृष्णवर्णीयांना नराधम ठरवलं होतं. लिंकनच्या पहिल्या चित्रपटाचा नायक मात्र शिकला-सवरलेला कृष्णवर्णीय इंजिनिअर. कंपनी काही वर्षांतच बंद पडली आणि जॉन्सन मोठ्या स्टुडिओंच्या कामांवर राहिला.

झोंबीची, म्हणजे जादूटोण्याने उठवलेल्या चालत्या प्रेताची, कुळकथा याहून बोलकी आहे. हा मूळचा हैती या कॅरिबियन देशातल्या गुलामांच्या वंशजांचा धसका: मेल्यावरही मळ्यातली राबणूक सुटणार नाही! १९१५ पासून हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं आणि रस्त्यांच्या कामावर लोकांना वेठीला धरलं जात होतं. १९२९ मध्ये विल्यम सीब्रुकच्या प्रवासवर्णनातून झोंबी अमेरिकेत घरोघरी पोचला. तीन वर्षांनी, फौजा अजून हैतीतच असताना, 'व्हाइट झोंबी' आला. त्यात साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे. डोक्यावर उसाच्या टोपल्या घेतलेले झोंबी रांगेने चालतात, घाणा करकरत फिरतो, एक जण तोल जाऊन आत पडतो आणि बाकीचे चालतच राहतात. त्या काळच्या भयपटांत इतकं खरं काही क्वचितच सापडेल. पण चित्रपटाला त्या मजुरांचं सोयरसुतक नाही. त्याचा जीव गोऱ्या नववधूत अडकलेला. क्लॅरेन्स म्यूजसारख्या कसलेल्या नटाच्या वाट्याला आला तो घोडागाडीवाला, पाहुण्यांना झोंबी म्हणजे काय हे सांगण्यापुरता.

१९४३ च्या 'आय वॉक्ड विथ अ झोंबी'मध्येही गाडीवान आहेच, पण इथे तो आपल्या पूर्वजांना बेड्या घालून जहाजाच्या तळाशी कोंबून आणल्याचं सांगतो. गोरी नर्स म्हणते, आणलं तरी किती सुंदर जागी! तो एवढंच म्हणतो, तुम्ही म्हणता तर तसं, बाईसाहेब.

एरवी काळ्या नटाने भूत पाहून डोळे फिरवायचे आणि पळत सुटायचं, हा ठरलेला विनोद. मँटन मोरलंड आणि विली बेस्ट या कृष्णवर्णीय विनोदी नटांची अख्खी उमेद त्यात खर्ची पडली, हसवण्याची हातोटी पक्की असूनही.

१९४० चा 'सन ऑफ इंगागी' वेगळा, कारण त्यातले सगळेच नट कृष्णवर्णीय. कथा स्पेन्सर विल्यम्सची, गुप्तहेरही तोच. तळघरात प्रयोग करणारी शास्त्रज्ञ म्हणजे लॉरा बोमनने रंगवलेली डॉक्टरीणबाई. निर्मिती तुटपुंजी, भीती यथातथाच. शिवाय राक्षस आफ्रिकेतूनच आणलेला आणि नाव उसनं घेतलं ते 'इंगागी' या १९३० च्या बनावट काँगो-सफरपटाचं. तरीही भुताला घाबरणारे, त्याचा माग काढणारे आणि संसार थाटणारे, सगळे कृष्णवर्णीयच. असे चित्रपट मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठीच्या थिएटरांतच लागत. विल्यम्सने पुढे चित्रपट दिग्दर्शितही केले. गोऱ्या अमेरिकेला तो माहीत झाला १९५१ मध्ये, 'एमॉस अँड अँडी' या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला अँडी म्हणून.