आउटसाइड लाइनबॅकरची बाजू बदलणं (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या दोन टोकांना जे दोन आउटसाइड लाइनबॅकर उभे असतात, त्यातल्या डावीकडच्याला उजवीकडे आणि उजवीकडच्याला डावीकडे नेणं, कधी एका प्लेपुरतं, म्हणजे बॉलच्या एका चालीपुरतं, कधी एका मॅचपुरतं आणि कधी थेट कायमचं, म्हणजे ही बाजूबदली. ऐकायला किरकोळ वाटतं. दोघांचं काम तेच, मैदान तेच, मग डावं काय नि उजवं काय? पण ज्याने शेतात बैलजोडी बघितलीये त्याला हे लगेच कळेल. वर्षानुवर्षं डाव्या अंगाला चाललेला बैल एके दिवशी उजवीकडे जुंपला की तो बावचळतो, तास वाकडं जातं आणि त्याच्यापायी जोडीदाराचीही चाल बिघडते. एनएफएलमध्येही, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्येही, शेवटी भानगड तीच आहे, फक्त बैल एकशेपंधरा किलोचे आणि पगार कोटीत.

आधी डावं-उजवं मिटवून घेऊ, कारण टीव्हीवर बघताना गोंधळ इथेच होतो. बाजू प्रत्येक टीमच्या स्वतःच्या नजरेतून मोजतात. त्यामुळे बचावाचा उजवा लाइनबॅकर भिडतो समोरच्या टीमच्या लेफ्ट टॅकलला आणि डावा लाइनबॅकर राइट टॅकलला. टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकला, बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, राखणाऱ्या लाइनच्या टोकांचे दोन धिप्पाड गडी. थ्री-फोर नावाच्या मांडणीत पुढे तीन धिप्पाड लाइनमन आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर असतात, त्या चारातले कडेचे दोघं ते हे. क्वार्टरबॅकवर धाव घेऊन त्याने बॉल फेकायच्या आत त्याला आडवा करणं, म्हणजे सॅक, हे त्यांचं मिरवायचं काम. न मिरवायची कामंही बरीच असतात, रनिंग प्ले आली, म्हणजे समोरच्यांनी बॉल फेकण्याऐवजी हातात घेऊन पळायचं ठरवलं, तर कड धरून ठेवायची आणि बॉलवाल्याला बाहेरून निसटू द्यायचं नाही, आणि अधूनमधून मागे सरकून पास अडवायचा.

दोन बाजू सारख्या का नाहीत याचं जुनं उत्तर आहे क्वार्टरबॅकचा हात. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात, फेकायला उभं राहताना डावा खांदा पुढे येतो आणि पाठ स्वतःच्या डाव्या बाजूकडे होते. त्या बाजूने, म्हणजे बचावाच्या उजवीकडून, येणारा माणूस त्याला दिसतच नाही, म्हणून तिला आंधळी बाजू म्हणतात. न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने या आंधळ्या बाजूची दहशत बसवली. १९८१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, दुसऱ्या नंबरवर घेतलेला हा गडी बहुतेक उजवीकडूनच यायचा, आणि १९८६ मध्ये २०.५ सॅक करून तो लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, जो मान बचावाच्या खेळाडूला त्याआधी एकदाच, १९७१ मध्ये ॲलन पेजला मिळाला होता. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकला, जो थाइसमनला, टेलरने पाडताना थाइसमनचा पाय मोडला आणि तिथेच थाइसमनची कारकीर्द संपली, पण ते फुटेज बघवत असेल तर टेलरकडे बघा, तो उठून डोक्याला हात लावतो आणि साइडलाइनकडे हातवारे करत मदतीला बोलावतो. त्या दशकानंतर लेफ्ट टॅकलचे भाव चढले ते चढलेच.

मग सोपी वाटणी रूढ झाली. चपळ, वेगाचा गडी उजवीकडे, आणि दणकट, अंगापिंडाने भरलेला डावीकडे. डावीकडे दणकट का, तर बऱ्याच टीमा टाईट एंड, म्हणजे टॅकलच्या शेजारी उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा गडी, आपल्या उजव्या बाजूला लावतात आणि रनही तिकडूनच जास्त मारतात, म्हणजे बचावाच्या डाव्या टोकावर एकाऐवजी दोन माणसांचा रेटा येतो. टाईट एंडवाल्या या बाजूला स्ट्राँग साइड म्हणतात आणि उरलेली ती वीक साइड.

आता शरीराकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे आणि कॉमेंट्रीवाले हे कधी नीट सांगत नाहीत. उजव्या टोकावरून निघालेला लाइनबॅकर टॅकलच्या बाहेरून पळतो आणि क्वार्टरबॅककडे वळताना डावीकडे कलतो. त्याचा आतला खांदा म्हणजे डावा, तो खाली घालायचा, डाव्या हाताने टॅकलचा पंजा खालून वर उडवायचा आणि घाटातल्या वळणावर मोटारसायकल झोपवतात तसं अंग जमिनीकडे तिरपं करून कोपरा कापायचा, आणि हे सगळं अडीच-तीन सेकंदांत, समोर १४० किलोचा माणूस ढकलत असताना. हाच गडी डाव्या टोकाला नेला की सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं. आता उजवा खांदा खाली, उजव्या हाताचा झटका, दुसऱ्या घोट्यावर भार, स्नॅपआधी, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी, मागे ठेवायचा पायही दुसरा. ज्याचा एक घोटा आधी दुखावलेला असेल किंवा एका बाजूचं कंबरडं आखडलेलं असेल त्याला एकीकडून कोपरा कापता येतो आणि दुसरीकडून तो भलताच लांबून वळसा घालतो, म्हणजे पाऊणएक यार्ड जास्त, आणि तेवढ्यात बॉल हातातून सुटलेला असतो. डोळ्यांचंही तसंच. कड धरताना कुठल्या खांद्यावरून बॉल बघायचा, मागे सरकताना मान कुठे वळवायची, हे सगळं इतकं मुरलेलं असतं की विचार करायची वेळ आली म्हणजे उशीर झालाच.

तरीही कोच बदली करतात, आणि करायची पद्धत एकच नाही. काही टीमा बाजू ठरवतात ती डाव्या-उजव्यावर नाहीच, टाईट एंड जिकडे उभा राहील तिकडे दणकट गडी जाणार आणि उलट बाजूला चपळ, म्हणजे दोघंही दर प्लेला जागा बदलू शकतात. समोरच्यांनी टाईट एंडला स्नॅपच्या आधी इकडून तिकडे पळवलं की मात्र पंचाईत, दोघांनी एकमेकांना ओलांडून पळायचं की आहे तिथेच राहून कामं अदलाबदल करायची हे एका ओरडण्यात ठरवावं लागतं. कॉलेज फुटबॉलमध्ये याच धर्तीवर रुंद बाजू आणि अरुंद बाजू असा हिशोब चालतो, कारण तिथे हॅश मार्क्समध्ये, म्हणजे ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवून प्ले सुरू करतात त्या खुणांच्या दोन ओळींमध्ये, ४० फुटांचं अंतर असतं आणि १६० फूट रुंद मैदानात बॉल एका कडेला ठेवला की दुसरीकडे मोकळं रान मिळतं. एनएफएलमध्ये हे अंतर फक्त १८ फूट ६ इंच, बॉल जवळपास मध्यातच, म्हणून तो हिशोब तिथे फारसा चालत नाही.

दुसरी पद्धत सावजाच्या मागावर जायची. समोरचा कुठला टॅकल कच्चा आहे, जखमी आहे, नवखा आहे ते आठवडाभर फिल्म बघून हेरायचं आणि आपला सगळ्यात घातक गडी त्याच्यासमोर नेऊन उभा करायचा. याचा धडा बघायचा तर ७ फेब्रुवारी २०१६ ची सुपर बोल ५०, म्हणजे एनएफएलची फायनल, बघा. डेन्व्हरचा व्हॉन मिलर कॅरोलायनाच्या राइट टॅकलसमोर, माइक रेमर्ससमोर उभा राहिला. पहिल्याच क्वार्टरमध्ये कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन पास फेकायला मागे गेला, मिलर बाहेरून वळून आला आणि त्याने न्यूटनला नुसतं पाडलं नाही, हातातला बॉलच हिसकावला, आणि तो एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पडल्यावर मलिक जॅक्सनने त्याच्यावर झेप घेऊन टचडाउन केला. मिलरचे २.५ सॅक, दोनदा समोरच्याच्या हातातून बॉल सोडवला (फंबल), आणि मॅचचा एमव्हीपीही तोच. दुसऱ्या टोकाला डिमार्कस वेअर होता, त्याचेही दोन सॅक. न्यूटनने सरकायचं कुठे? डेन्व्हर २४-१० ने जिंकलं. आंधळ्या बाजूचं सगळं शास्त्र त्या रात्री उघड्या बाजूने मोडीत निघालं असं माझं मत आहे, क्वार्टरबॅकला दिसत असूनही तो काही करू शकत नसेल तर दिसून फायदा काय.

डॅलसमध्ये २०२१ ते २०२४ या काळात मायका पार्सन्सला तर डावीकडे, उजवीकडे, मध्ये, कुठेही लावायचे. नियमाची आडकाठी काहीच नाही, बचावाचा खेळाडू स्नॅप होईपर्यंत हवा तिकडे फिरू शकतो, फक्त स्नॅपच्या क्षणी बॉलच्या रेषेच्या पलीकडे नसावा, नाहीतर पाच यार्डांचा दंड. अडचण वेळेची असते. दोन प्लेंच्या मध्ये ४० सेकंद, २००८ पासून बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो पण क्लॉकवर १५ सेकंद उरले की तोही बंद, आणि समोरच्या टीमने प्ले ठरवायला घोळका न करता भराभर स्नॅप घ्यायला सुरुवात केली तर बाजू बदलायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतच सापडतो. बाकी तोडगे जुनेच. रनिंग बॅकने, म्हणजे एरवी बॉल घेऊन पळणाऱ्या गड्याने, जाता जाता घातक गड्याला एक धक्का मारून जायचं, अख्खी लाइन त्याच्याकडे सरकवायची, किंवा बॉल इतक्या लवकर फेकायचा की कोण कुठून आला याला अर्थच उरू नये. शिवाय राइट टॅकल म्हणजे कच्चा दुवा हे समीकरणही आता जुनं झालं, फिलाडेल्फियाचा लेन जॉन्सन आणि डेट्रॉइटचा पेनेई स्युएल हे दोघं उजवीकडे खेळूनच लीगमधल्या सगळ्यात चांगल्या टॅकलमध्ये मोजले गेले. क्वार्टरबॅक डावखुरा निघाला, मायामीत टुआ टॅगोवायलोआ होता तसा, तर आंधळी बाजूच उलटी होते, ते वेगळंच.

कायमच्या बदलीचं सगळ्यात चर्चेतलं उदाहरण पिट्सबर्ग स्टीलर्सचं. २०१५ च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेला बड डुप्री डावीकडे खेळायचा, आणि २०१७ च्या पहिल्या फेरीत, ३० व्या नंबरवर आलेल्या टी. जे. वॉटला उजवीकडे लावलं. वॉटने पहिल्याच मॅचमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध दोन सॅक आणि एक इंटरसेप्शन घेतलं, म्हणजे समोरच्यांचा पास मधेच झेलला, सीझनचे ७ सॅक झाले, नवख्यासाठी झकास. डुप्रीचे ६. चालू गाडीला कोण हात लावतो? पण २०१८ मध्ये कोच माइक टॉमलिन आणि बचावाचा कोऑर्डिनेटर कीथ बटलर यांनी दोघांना आपापसात बदललं, वॉट डावीकडे, डुप्री उजवीकडे. वॉट ७ वरून १३ वर गेला. डुप्री मात्र ५.५ वर आला आणि पूर्ण टीमचे सॅक आदल्या वर्षी ५६ होते ते ५२ झाले, म्हणजे त्या दोघांची बेरीज १३ वरून १८.५ झाली तरी नुसता टीमच्या बेरजेचा हिशोब मांडला तर पहिलं वर्ष तोट्यात गेलं. एकाला नवी बाजू वर्षात मानवली, दुसऱ्याला दोन वर्षं लागली, कारण २०१९ मध्ये वॉट १४.५ आणि डुप्री ११.५. मला यात वॉटपेक्षा डुप्रीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, तीन वर्षं एका बाजूला घालवलेल्या माणसाला जोडीदाराच्या सोयीसाठी हलवलं, त्याने पहिल्या वर्षी बोलणी खाल्ली, आणि फळ आलं तेव्हाही फोटो वॉटचेच छापले गेले.

वॉट तेव्हापासून जवळपास कायम डावीकडेच. २०२१ मध्ये त्याने २२.५ सॅक करून मायकल स्ट्रॅहनच्या २००१ च्या विक्रमाशी बरोबरी केली, बचावातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. यावर भारतातून मॅच बघणाऱ्यांचंही, जे रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला चहा घेऊन बसतात, एक ठरलेलं भांडण असतं. एक गट म्हणतो की तो कुठे उभा राहणार हे आधीच माहीत असल्यामुळे समोरचे दर मॅचला तिकडे दोन-दोन माणसं ठेवतात, त्याला फिरवा. दुसरा गट म्हणतो की माणूस एका बाजूवर इतका तयार झालाय तर कशाला हात लावता.

डुप्रीचा गुडघा डिसेंबर २०२० मध्ये बाल्टिमोरविरुद्ध गेला आणि पुढच्या सीझनला तो टेनेसीला गेला. उजव्या टोकाला त्याची जागा ॲलेक्स हायस्मिथने घेतली, २०२० च्या तिसऱ्या फेरीतला पोरगा. २०२२ मध्ये वॉट पहिल्याच मॅचमध्ये छातीच्या स्नायूला दुखापत होऊन बसला, वर्षभरात दहाच मॅच खेळला, ५.५ सॅक. हायस्मिथने त्या वर्षी उजवीकडून १४.५ काढले.