लाखेची तबकडी
मिनिटाला ७८ फेरे घेणारी, ग्रामोफोनवर वाजणारी जुनी तबकडी. तिचा काळा रंग काजळीचा आणि वजन दगडाच्या भुकटीचे, पण हे सगळे धरून ठेवते ती लाख. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसवून ही लाख घेतली जाते. कुसुमावरची लाख रंगाने उजळ, म्हणून तिला मान जास्त. फांदीवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन दाणा करतात. तो कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर पिळला की वितळून बाहेर येतो आणि ताणून त्याचा पातळ चपडा होतो. तबकडीत घालायचा तो हा चपडा.

भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झाले. तबकड्या आधी जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून येत, १९०८ पासून कोलकात्यातच छापल्या जाऊ लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून नव्यांसाठी वापरल्या गेल्या. त्यात काय काय गेले ते गेलेच.

अशा तबकड्यांवर चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट, म्हणजे तुतारीसारखे पितळी वाद्य, उरला आहे. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७), गाव गोव्यातले हळदोणे. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा वादक लोकांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग (नामवंत अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक) वाटे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले संगीतकार सी. रामचंद्र यांना ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या संगीतात चिक यांची साथ होती. अशा वादकावर कोणी माहितीपट करायला घेतला, तर त्याची खरी अडचण इथे सुरू होते. सिनेगीताच्या लेबलवर गायक छापला जाई, संगीतकार छापला जाई. ट्रम्पेट कोणी फुंकला, याला जागा नसे. त्यामुळे ‘जॅझ’ लिहिलेली तबकडी शोधत खेडोपाडी फिरणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो. शोधावीत ती सिनेमाची गाणी. पूर्व विदर्भातल्या मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) वाड्यांत ग्रामोफोन आला असेल, तर माळ्यावरच्या पेटीत भजने आणि नाट्यपदांसोबत तीही निघू शकतात. ती ऐकताना कान गायकावर नको, दोन कडव्यांमधल्या सुरावटीवर हवा. कंपन्यांनी तबकड्या छापायचे धातूचे मूळ साचे अनेकदा मोडीत काढल्याने घरगुती पेटीतली प्रत हीच कधीकधी एकमेव प्रत असते.

सापडलेली तबकडी पुसायला घरातले स्पिरिट घेऊ नये. लाख स्पिरिटात विरघळते आणि खाचांसकट आवाज जातो. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, एवढे पुरे. वैशाखात पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात, म्हणून त्या उभ्या ठेवाव्यात. वाजवायला एलपीची (नंतरच्या, बारीक खाचांच्या प्लास्टिक तबकडीची) सुई चालत नाही: तिचे टोक सुमारे २५ मायक्रॉनचे, तर ७८ च्या रुंद खाचेला ७५ मायक्रॉनच्या आसपासचे लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. जुन्या पोलादी सुईने तर वाजवूच नये. तबकडीतल्या दगडी भुकटीने ती झिजत असे, आणि सुई न बदलता दुसरी बाजू लावली की खाच खरवडली जाई.

डिजिटल प्रत करताना लेबलच्या कडेला उमटवलेला साच्याचा क्रमांक टिपून ठेवावा. ट्रम्पेटवाल्याचे नाव त्यात नसते, पण त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ अंदाजता येतो आणि त्या काळात कोणाचा वाद्यवृंद वाजवत होता हे तपासायला धागा मिळतो.