रिपोर्ट नॉर्मल, तळवे मात्र पेटलेले

रात्री चादरीचा स्पर्शही तळव्यांना नको होतो. दिवसा चालताना वाटतं पायात मोजे आहेत, खाली बघावं तर पाय उघडे. महिनोन्‌महिने सोसल्यावर माणूस एनसीव्ही ही नसांची तपासणी करून घेतो आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. मग घरचे म्हणतात, ‘काही नाही, फार विचार करतोस तू.’

रिपोर्ट खोटा नसतो. पण त्याने नेमकं पाहिलं काय?

एनसीव्हीत विजेचे हलके झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. ही मोजणी नसेतल्या जाड तंतूंची. त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण असतं, म्हणून संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो. आग, वेदना, गरम-गार यांची खबर नेणारे तंतू बारीक असतात. त्यातल्या बिनवेष्टणाच्या तंतूंचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढाच. यंत्राला त्यांची चाहूलच लागत नाही. नुसते हेच झिजले, तर तळवे पेटतात आणि आलेख ठाकठीक येतो.

हे बारीक तंतू पाहायचे तर कातडीतच पाहावे लागतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला १० सेंटीमीटर वर, जागा बधिर करून, ३ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, साबुदाण्याएवढा. तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या थरात शिरलेले तंतू चक्क मोजतात. ही सोय सगळीकडे नसते.

पण त्याआधी न्यूरॉलॉजिस्टची टाचणी आणि ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा) बरंच सांगून जातात. जाड तंतूंनी नेलेली फोर्कची थरथर पायाच्या अंगठ्याला कळते, टाचणी मात्र बोथट लागते? मग संशय बारीक तंतूंवर.

बधिरपणा कुठून सुरू झाला, हेही नीट सांगायला हवं. (आपण सरसकट ‘शीर दबली’ म्हणून मोकळे होतो.) दोन्ही पायांच्या बोटांपासून असेल, तर बहुधा सर्वांत लांब तंतू आधी थकलेत, कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला पाणी आधी कमी पडतं, तसं. तिथे साखर आणि बी १२ तपासतात. मधुमेहावर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी १२ उतरू शकतं. हाताचा अंगठा ते मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल, तर नस बहुधा मनगटात दबलेली. करंगळी बधिर आणि अंगावर संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी हवीच. लाजून ती टाळणारे अजूनही आहेत. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

हे सगळं सावकाश चालणाऱ्या दुखण्यांचं. मुंग्या दोन-चार दिवसांत पावलांकडून मांड्यांकडे चढल्या, जिना चढताना गुडघे लटपटू लागले, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकापाठोपाठ आढळले, तो हाच आजार. आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठायचं. श्वासाचे स्नायू कधी दमतील, सांगता येत नाही.