शालेय मुलांचे वजन आणि दातांची कीड

साधारण ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांच्या शरीराचे वजन आणि त्यांच्या दातांना लागणारी कीड (दंतक्षय) यांच्यातील परस्परसंबंध. दोन्ही गोष्टी खाण्यापिण्याशी निगडित असल्याने जाड मुलांचेच दात जास्त किडत असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कीड जाड मुलांत आढळते तशीच हडकुळ्या मुलांतही आढळते. भारतासारख्या देशात तर ही दुसरी बाजू अधिक मोठी असून तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले गेले आहे.

मोजमाप : मोठ्या माणसांप्रमाणे मुलांसाठी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाचा) एकच आकडा चालत नाही; वय आणि लिंग पाहून तक्त्यावर तो ताडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यांनुसार मध्यापासून १ प्रमाण विचलन (मध्यापासूनचे अंतर मोजण्याचे सांख्यिकीय एकक) वर गेल्यास अतिवजन, २ वर गेल्यास लठ्ठपणा आणि २ खाली आल्यास कृशता मानली जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत पुण्याचे बालरोगतज्ज्ञ वामन खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

किडीसाठी १९३८ पासून ‘डीएमएफटी’ हा निर्देशांक रूढ आहे. त्यात किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात मोजून त्यांची बेरीज करतात. या मोजणीत एक मोठी उणीव आहे. दाढेवरचा लहानसा खड्डा आणि मुळापर्यंत सडून पू झालेली दाढ या दोहोंची नोंद सारखीच, म्हणजे ‘एक’ अशी होते. मुलाच्या वाढीच्या दृष्टीने या दोन अवस्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून २०१० मध्ये ‘पुफा’ हा वेगळा निर्देशांक मांडण्यात आला. तो उघडी पडलेली नस, जखम, हिरडीवरचे पुवाचे छिद्र आणि गळू यांचीच मोजणी करतो.

संबंध सरळ का नाही : दातांवरच्या चिकट थरातील जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दातांसाठी अधिक महत्त्वाचे ठरते. वजनाचा हिशेब मात्र दिवसभराच्या एकूण उष्मांकांवर आणि हालचालीवर चालतो. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत गोळ्या, दुपारी पुन्हा चहा-खारी आणि रात्री थोडासा भात असा ज्या मुलाचा दिवस जातो, त्याचे पोट भरत नाही आणि वजनही वाढत नाही; दात मात्र दिवसभर आम्लात राहतात.

संशोधनातील निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, त्याचे एक कारण हेच आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात जास्त आणि कमी अशा दोन्ही टोकांच्या बीएमआयशी किडीचा संबंध आढळला. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात लठ्ठपणा व कायमच्या दातांची कीड यांचा संबंध मुख्यत्वे औद्योगिक देशांत दिसला. दोन्ही टोकांची मुले एकाच सरासरीत मिसळली की संबंध पुसला जातो आणि ‘काही संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दात उगवण्याचा काळही घोळ घालतो. कुपोषित मुलांचे दुधाचे दात उशिरा येतात आणि उशिरा पडतात. जाड मुलांचे कायमचे दात तुलनेने लवकर येतात. एकाच इयत्तेतल्या दोन मुलांपैकी ज्याचे दात आधी आले, त्याच्या दातांना कीड लागायला अधिक काळ मिळालेला असतो. पेरू देशातील कुपोषित मुलांच्या अभ्यासात दुधाच्या दातांतील किडीचा जोर ओसरण्याऐवजी पुढच्या वयात सरकलेला आढळला. अशा मुलांची तपासणी एकाच वयात केली, तर त्यांचे दात चांगले असल्याचा भास होऊ शकतो.

किडीमुळे घटणारे वजन : कुपोषणामुळे दात कमकुवत होतात. दात घडण्याच्या काळात आहार अपुरा पडल्यास कवच नीट तयार होत नाही आणि लाळही कमी होते. उलट दिशेनेही परिणाम होतो. ठणकणाऱ्या दाढेने मूल भाकरी चावत नाही, पोळी दुधात किंवा चहात बुडवून गिळते, डाळ-उसळ टाळते. रात्री झोपमोड होते आणि वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. नसेपर्यंत पोहोचलेला संसर्ग महिनोन्‌महिने राहिल्यास त्याचा रक्तातील तांबड्या पेशींच्या निर्मितीवरही परिणाम होत असावा, असे मानले जाते.

याविषयी सर्वांत ठळक काम फिलिपिन्समध्ये झाले. तेथील २००६ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या ९७ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. त्याच पाहणीतील बारा वर्षांच्या मुलांचे विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दातांच्या मुळाशी संसर्ग असलेल्या मुलांचा बीएमआय कमी असण्याची शक्यता त्यात अधिक दिसली. पुढे कमी वजनाच्या मुलांच्या सडलेल्या दुधाच्या दाढा काढल्यावर त्यांच्या वजनात अधिक वाढ झाल्याचे नोंदवले गेले. मात्र सौदी अरेबियातील जेद्दा येथे ६ ते ८ वर्षांच्या मुलांवर केलेल्या चाचणीत उपचारानंतर सहा महिन्यांत वजन-उंचीत लक्षणीय फरक पडला नाही. भूक मात्र सुधारली. दाताचा उपचार हा पोषणाचा पर्याय नाही, हे त्यातून दिसते. तरीही ज्या मुलाला चावताच येत नाही, त्याच्या ताटात अंडे वाढून उपयोग नाही.

लठ्ठपणाची बाजू : सरबते, शीतपेये, गोड बिस्किटे आणि पाकिटबंद खाऊ या सामायिक कारणाने दोन्ही विकार एकत्र येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करा (पदार्थांत वरून घातलेली तसेच मध व फळांच्या रसातील साखर) एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्याची शिफारस केली. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरयुक्त शीतपेयांवर कर लावला. त्यानंतर इंग्लंडमध्ये १०-११ वर्षांच्या मुलींमधील लठ्ठपणात सुमारे ८ टक्क्यांची सापेक्ष घट दिसली, मुलग्यांमध्ये ती दिसली नाही. किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाणही सुमारे १२ टक्क्यांनी घटले.

भारत आणि महाराष्ट्र : २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत कीड आढळली. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार ५ ते ९ वर्षांची २३ टक्के मुले कृश, तर ४ टक्के अतिवजनाची होती. हे आकडे पाहता पाश्चात्त्य देशांतून आलेला लठ्ठपणा-केंद्रित विचार येथे जसाच्या तसा लागू करणे चुकीचे आहे. शहरातील खासगी शाळा आणि जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी भागातील आश्रमशाळा यांचे प्रश्नही एक नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली. या कार्यक्रमातील पथके शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात. दातांचे विकारही तपासण्याच्या यादीत आहेत. त्यामुळे मूल वजनकाट्यावर उभे राहते त्याच दिवशी त्याचे तोंडही उघडून पाहता येते. कृश मुलाच्या हिरडीवर पुवाची पुळी दिसली, तर त्याला पोषण आहाराबरोबर दंतवैद्याकडेही पाठवणे आवश्यक आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (कीड थांबवण्यासाठी दातावर लावायचे द्रव औषध) हे स्वस्त उपाय २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

तपासणीत पहिल्या कायमच्या दाढेकडे विशेष पाहावे. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पडता, सर्वांत मागे उगवते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ‘पडायचीच आहे’ म्हणून कीड तशीच सोडून देतात. ही दाढ गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.