गावनकाशा सॅटेलाइटवर नीट का बसत नाही

गेल्या दिवाळीत चुलत भावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. आमच्या गटाचा नकाशा त्याने कुठल्यातरी ॲपात सॅटेलाइट फोटोवर चढवलेला आणि लाल रेघ सरळ शेजाऱ्याच्या विहिरीतून गेलेली. खाली लिहिलेलं, "दादा, विहीर आपल्यात येतीय बघ." माझं कामच नकाशांचं, स्कॅन करायचे, जिओरेफरन्स करायचे म्हणजे पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवायचे, लेअर बनवायचे, त्यामुळे त्याला लगेच फोन केला की बाबा रे, शेजाऱ्याला अजून काही बोलला नाहीस ना, आधी ओढा बघ. ओढ्याची रेघ पण तेवढीच पूर्वेला सरकलेली होती. विहीर आमच्यात आली नव्हती, अख्खं गावच पंचवीस-तीस पावलं सरकलं होतं.

हे असं का होतं ते सांगायला पार मागे जावं लागतं, कारण लोकांना वाटतं नकाशा चुकलाय किंवा ॲप चुकलंय, आणि बऱ्याचदा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

जमीन मोजणं आपल्याकडे इंग्रजांनी आणलं असं नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी मोजणी करवली तेव्हा पाच हात पाच मुठींची काठी धरलेली, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. पण त्यात हिशोब होता तो क्षेत्राचा आणि धाऱ्याचा. शेताचा आकार कागदावर काढून ठेवायची गरज कुणाला वाटत नव्हती, शीव गावाला माहीत असायची आणि भांडण झालं की गोतसभा बसायची.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला दख्खनचा सारा ठरवायचा होता. पहिला मोठा प्रयत्न प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याचा. त्याचं गणित असं की प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकतं, त्यातून खर्च किती जातो, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर झकास, पण मोजणीत चुका, खालच्या लोकांची चिरीमिरी, आणि सारा इतका चढा की १८३० नंतर रयत जमिनी टाकून निघून जायला लागली, काही तर हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात गेली. मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी काम हातात घेतलं, ३० वर्षांसाठी सारा बांधून दिला, आणि १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात त्याचे नियम पक्के झाले. आपला सर्व्हे नंबर, आकारबंद (कुठल्या नंबराचं क्षेत्र आणि सारा किती त्याची यादी), प्रतबंदी (मातीची प्रत ठरवणं) हे सगळं तिथून येतं.

आता यातली साखळी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आजचा अर्धा गोंधळ तिच्याच पोटात आहे. मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. म्हणजे एक आणा साधारण दोन फुटांना जरा जास्त. साखळी लांब आणि साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे झाले की एकर. गंमत म्हणजे मातीची प्रतही आण्यातच मोजायचे, पावणेदोन हात खोल चांगली काळी माती असली की सोळा आणे, मग खोली कमी, चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असे दोष बघत खाली यायचं. त्यामुळे जुने कागद पहिल्यांदा हातात घेतले की कुठला आणा लांबीचा आणि कुठला मातीचा यातच माणूस गरगरतो. मी पण गरगरलोय.

मोजणीची पद्धत शंकूसाखळी. शेताच्या आतून एक लांब सरळ रेघ धरायची, तिच्यावर साखळी टाकत जायचं, आणि बांधाचा प्रत्येक वाक आला की शंकूने, म्हणजे काटकोन धरायच्या साधनाने, काटकोन साधून त्या वाकापर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजून लिहायचं. हे सगळं ज्या कागदावर लिहिलं ते टिपण. आमच्या सर्व्हे नंबरच्या टिपणाची नक्कल मी काढलीय, शेताचा आकार हाताने असाच ओढलेला, स्केलबिल काही नाही, मधोमध उभी रेघ, तिच्या कडेने साखळ्या आणि आण्यांचे आकडे, कोपऱ्यांवर दगडाची खूण, कडेला शेजारच्या नंबरांचे आकडे. चित्र म्हणून बघाल तर शाळेतल्या पोराने काढल्यासारखं. पण आकडे घेऊन बसलात आणि कागदावर परत मांडलंत तर चौकट जुळते, आमची तरी जवळपास जुळली.

आणि या टिपणांवरून गावनकाशा बनला. एकेक नंबर शेजारच्याला चिकटवत पूर्ण गाव उभं करायचं, मुंबई इलाख्यात बहुतेक एक इंचाला २० साखळ्या या स्केलवर, म्हणजे १ ला ७९२०. आता हिशोब करा, नकाशावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तर जमिनीवर ती चार मीटर होते. चार मीटरात बैलगाडी जाते. नुसत्या रेघेच्या जाडीत. म्हणून मोजणीदार भांडणाच्या वेळी गावनकाशावर पट्टी ठेवत नाही, टिपण काढतो. गावनकाशा कशासाठी, तर कुठला नंबर कुणाच्या शेजारी आहे, ओढा कुठून जातो, गाडीवाट कुठे लागते हे एका नजरेत कळावं आणि कुठल्या नंबराचा सारा राहिला ते वसूल करणाऱ्याला समजावं म्हणून. नंबर पाडतानाही विचार तोच होता, एका बैलजोडीला वाहता येईल एवढी जमीन, त्यामुळे भाताच्या खाचरात नंबर लहान आणि हलक्या कोरडवाहूत मोठे.

गावठाणाकडे बघा, जुन्या नकाशात तिथे नुसतं रिकामं वर्तुळासारखं काहीतरी असतं. आत घरं, वाडे, देऊळ, चावडी सगळं असून काहीच दाखवलेलं नाही. कारण साधं, गावठाणावर शेतसारा नाही मग मोजायचं कशाला.

आता मुख्य मुद्दा. याच काळात दुसरी एक मोजणी चालू होती, तिचा आणि हिचा फारसा संबंध आला नाही. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पायारेघ, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी ती पहिली रेघ, मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणांची साखळी देशभर पसरत गेली, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर चढवत. ही ती ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. लॅम्टन १८२३ मध्ये काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. त्याच्या नंतर जॉर्ज एव्हरेस्ट या अधिकाऱ्याने पृथ्वीचा आकार भारताला बसेल असा ठरवला, १८३० चा एव्हरेस्ट स्फिरॉइड, आणि टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-रस्ते दाखवणारे सरकारी नकाशे, त्यावर बनल्या. तर एका खात्याला अक्षांश-रेखांश पक्के माहीत होते पण शेतं माहीत नव्हती, आणि दुसऱ्या खात्याला प्रत्येक शेताचा वाक न् वाक माहीत होता पण ते शेत पृथ्वीवर नेमकं कुठं आहे हे विचारायचं कारणच पडलं नाही. साऱ्याला रेखांश लागत नाही हो. शेजाऱ्याच्या दगडापासून तुझा दगड किती साखळ्या, संपलं.

म्हणून गावनकाशावर आजच्या सॉफ्टवेअरला हवी असणारी एक गोष्ट कुठेच नाही, कोऑर्डिनेट, म्हणजे पृथ्वीवरची नेमकी जागा सांगणारे आकडे. नकाशा आतल्या आत जुळलेला, बाहेरच्या जगाला कुठेच टाचलेला नाही. त्यात तो कापडावर चिकटवलेला कागद, दीडशे पावसाळे खाल्लेला, एका बाजूला आकसलेला, घडीवर फाटून परत चिकटवलेला, पुढे त्याची ट्रेसिंग, ट्रेसिंगची ब्लू प्रिंट, आणि कधीतरी त्याचं स्कॅन. स्कॅन सरळ ठेवलं होतं की तिरकं हे देवाला माहीत.

मधल्या काळात अजून थर चढले. मूळ सर्व्हे नंबरचे वाटण्या होऊन पोटहिस्से पडले, ते विसाव्या शतकात फाळणी, म्हणजे हिस्सेवार मोजणी, करून मोजले. मग १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोडचा कायदा, त्यातून एकत्रीकरण योजना, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर जमिनी एकत्र झाल्या, गटाचा नकाशा नवा निघाला, पण कितीतरी गावांत वहिवाट जुन्याच बांधावर राहिली, त्यामुळे आज गटनकाशा एक सांगतो, बांध दुसरं सांगतो आणि म्हातारी माणसं तिसरंच. नंतर मेट्रिक आलं. एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर झालं, आणि लोक सर्रास गुंठा म्हणजेच आर धरतात, पण गुंठा १०१ चौरस मीटरच्या थोडा वर आणि आर १०० चा, म्हणजे एकराला ४०.४७ आर. एवढ्याशा फरकावरून सातबारा आणि नकाशाचं क्षेत्र जुळत नाही म्हणून मला किमान दहा जणांनी मेसेज केला असेल.

विदर्भाच्या पूर्वेकडे गेलात तर अजून वेगळं. तिथे जुना मध्यप्रांत, बंदोबस्त म्हणजे सारा ठरवायची पद्धत वेगळी, शेतांचे खसरा नंबर वेगळे, त्यामुळे पुण्याकडची पद्धत तिकडे नेऊन लावली की फसलात. आणि एक तांत्रिक खोच म्हणजे नकाशासाठी जगाचे उभे पट्टे पाडणारी जी यूटीएम पद्धत, तिच्या दोन झोनमध्ये आपलं राज्य फाटलंय, ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३ आणि पूर्वेला ४४. अमरावती शहर एकात, नागपूर दुसऱ्यात, यवतमाळ जिल्हा तर दोन्हीत. झोन चुकीचा निवडला की गाव दहावीस मीटर सरकत नाही, थेट शेकडो किलोमीटर लांब जातं, ते एका परीने बरं कारण चूक लगेच दिसते. वाईट ती चूक जी दिसत नाही. जुन्या टोपोशीटवरून एव्हरेस्टचे अक्षांश-रेखांश घेतले आणि तसेच आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये टाकले की आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक येतो, रस्ता रस्त्याशेजारी दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं चालतंय.

नकाशे कॉम्प्युटरवर आणायचं काम देशपातळीवर २००८ च्या योजनेनंतर जोरात झालं. स्कॅन करा, रेघा गिरवून व्हेक्टर, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या रेघा, करा, सातबाऱ्याला जोडा. आपल्याकडे महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर गट नंबर टाकला की आकार दिसतो तो त्यातूनच. चांगली सोय आहे, माझी तक्रार नाही, पण आकार डिजिटल झाला म्हणजे जागा पक्की झाली असं नाही. चार-पाच खुणा धरून पूर्ण गाव सॅटेलाइटवर ताणून बसवलं की मधला भाग बरा बसतो आणि कडा सुटतात, शेजारच्या गावाचा नकाशा आणला की शिवेवर कुठे फट, कुठे दोन गावं एकमेकांवर. माझ्या भावाच्या ॲपात तर बहुतेक दोनच खुणा धरल्या असतील, त्यातली एक ओढ्याचं वळण. ओढ्याचं वळण कधी धरू नये राव, दर दहा वर्षांनी ते जागा बदलतं.

मग गावठाणाची पाळी आली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोन उडवून गावठाण मोजायचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ते जे रिकामं वर्तुळ दीडशे वर्षं तसंच होतं ते भरायचं काम. लोक अजून विचारतात ड्रोनने आमचं शेत मोजलं का, तर नाही, हे गावठाणातल्या घरांचं आहे.

शेताच्या मोजणीत खरा बदल झाला तो रोव्हरने, म्हणजे काठीवर बसवलेल्या बारीक जीपीएसने. राज्यात ७७ ठिकाणी कॉर्स नावाची कायमची जीपीएस स्टेशनं बसवलीत, ती चोवीस तास उपग्रहांचे सिग्नल घेत असतात आणि त्यांची जागा पक्की माहीत असल्यामुळे सिग्नलमध्ये चूक किती ते रोव्हरला इंटरनेटवरून कळवतात. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या रानात तीन-पाच मीटर चुकतं, रोव्हर काही सेंटिमीटरवर येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरचे जुने निर्बंध सैल केले, त्याआधी एवढ्या बारीक कोऑर्डिनेटला हात लावायचा म्हणजे परवानग्यांची रांग. पूर्वी प्लेन टेबल, म्हणजे शेतात मांडलेला नकाशा काढायचा फळा, लावून दोन दिवस जायचे ती मोजणी आता दुपारच्या जेवणाआधी उरकते, आणि क प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, कोऑर्डिनेट येऊ शकतात, म्हणजे दगड उद्या कुणी उपटला तरी जागा परत सापडते.

पण रोव्हर काय सांगतो, तर ही काठी आत्ता कुठं उभी आहे. तिथे हद्द आहे का हे त्याला माहीत नाही. ते अजून टिपणच सांगतं, आणि टिपण जमिनीला टेकवायला किमान दोन-तीन मूळचे दगड सापडावे लागतात, शक्यतो तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ते, कारण शेतातला दगड बांध कोरता कोरता हलतो पण शिवेचा दगड हलवायला तीन गावांची भीती असते.

आमच्याकडे शेवटी हद्द कायमची मोजणी टाकली. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) आले, रोव्हरची काठी जीपला टेकवून ठेवली आणि पहिला प्रश्न आमच्या ऐंशीच्या घरातल्या आबांना, जुने दगड कुठे होते. आबांनी घाणेरीच्या झुडपात दोन दाखवले, एक शेजाऱ्याने स्वतःहून दाखवला, तो त्याच्या गोठ्याच्या पायरीला लावलेला निघाला म्हणून धरला नाही. एक शिवेवर सापडला. आबांचे दोन आणि शिवेवरचा एक अशा तीन दगडांवर टिपण बसवलं तर विहीर शेजाऱ्याच्याच हद्दीत आली, आमच्या बांधापासून अकरा फूट आत. उत्तरेकडचे दोन दगड कॅनॉलच्या भरावाखाली गेलेत, तेवढी बाजू टिपणाच्या आकड्यांवरून काढलीय. भावाने ॲप काढून टाकलंय, असं तो म्हणतो.