हृदय थांबलं, हे मृत्यूचं कारण नव्हे

निधनवार्तेतली वाक्यं ठरलेली असतात. ‘अल्पशा आजाराने’, ‘वृद्धापकाळाने’, ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. घरच्यांना तेवढं पुरतं. पण माणसं कशाने मरतात याचा हिशेब ठेवणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. हृदयक्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते. कॉलऱ्याने जाणाऱ्याची आणि साप चावून जाणाऱ्याचीही. ती कशामुळे बंद पडली आणि त्याची सुरुवात नेमकी कुठून झाली, हे सगळ्या जगाला एकाच भाषेत सांगता यावं म्हणून एक यादी गेली पावणेदोनशे वर्षं घडत आली आहे. तिचं नाव ‘रोगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण’. रोजच्या बोलण्यात आयसीडी.

यादी म्हटलं की रुक्ष वाटतं. म्हणून आधी एक दाखला जवळून बघू.

७८ वर्षांच्या एक आजी ओल्या फरशीवर घसरतात. खुब्याचं हाड मोडतं. त्या अंथरुणाला खिळतात, छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्या जातात. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. सगळ्यात वर डॉक्टर लिहितात: न्यूमोनिया, ४ दिवस. त्याखाली, ‘कशामुळे’ या शब्दापुढे: खुब्याचं फ्रॅक्चर, ३ आठवडे. त्याखाली पुन्हा ‘कशामुळे’: घसरून पडणं, ३ आठवडे. आजींना मधुमेह होता. त्याने प्रकृती नाजूक झाली, पण या साखळीत तो थेट येत नाही, म्हणून तो दुसऱ्या भागात जातो.

प्रत्येक ओळीला आपापला सांकेतांक आहे. या यादीच्या दहाव्या आवृत्तीत न्यूमोनियाचा जे १८, मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरचा एस ७२, घसरून किंवा अडखळून पडण्याचा डब्ल्यू ०१. पण मृत्यूच्या मुख्य आकडेवारीत एका माणसामागे एकच कारण मोजलं जातं. त्याला मूळ कारण म्हणतात: ज्या रोगाने किंवा इजेने मृत्यूपर्यंतची साखळी सुरू केली ते, आणि अपघात किंवा हिंसा असेल तर ती ज्या परिस्थितीत घडली ती. दाखला लिहिला जातो वरून खाली, पण हे कारण शोधायचं ते खालच्या ओळीपासून. आजींचा मृत्यू डब्ल्यू ०१ मध्ये मोजला जातो. न्यूमोनियात नाही, फ्रॅक्चरमध्येही नाही.

मला हा नियम फार मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी नुसतं ‘न्यूमोनिया’ लिहून सही केली असती, तर हा मृत्यू छातीच्या आजारांत जमा झाला असता आणि ओली फरशी, नसलेला कठडा, अधू नजर, चक्कर आणणारी औषधं यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. ‘शेवटी काय झालं’ हे या यादीला गौण आहे. साखळी सुरूच होऊ नये म्हणून कुठे हात घालायला हवा होता, हा तिचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सुचायलाच बराच काळ गेला. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. प्रेत बघून कारण सांगायला वृद्ध स्त्रिया नेमलेल्या असत. कारणंही कशी, तर ‘दात’, ‘अचानक’, ‘म्हातारपण’. दात येण्याच्या वयात मूल गेलं, की ‘दात’. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने या याद्या वर्षानुवर्षांच्या जुळवून १६६२ मध्ये पुस्तक लिहिलं. गुप्तरोगाने गेलेला माणूस क्षयाने गेला असं या बायका दारूच्या पेल्यावर आणि चार पैशांवर सांगतात, हे त्याने स्पष्ट नोंदवलं आहे. त्याच पुस्तकात मुडदुसाबद्दल एक विलक्षण जागा आहे. या रोगाचं नाव याद्यांत पहिल्यांदा १६३४ साली येतं, त्या वर्षी १४ मृत्यू. मग ग्राँट विचारतो, रोग नवा की नाव नवं? आधी ही मुलं ‘यकृत वाढलं’ या सदरात तर जात नव्हती? तो जुने आकडे काढून पडताळतो. आजही एखाद्या रोगाचा आलेख एकाएकी उसळी मारतो, तेव्हा पहिली शंका हीच घ्यावी लागते.

१८३७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली आणि तिथे विल्यम फार हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. एका रोगाला तीन-चार नावं, एकाच नावाखाली अनेक रोग, अशा गोंधळाने ते हैराण होते. भौतिकशास्त्रात वजनमापांना जे स्थान, तेच या कामात रोगांच्या नावांना, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन या दोघांना एक सामाईक यादी करायला सांगितलं. दोन वर्षांनी दोघं दोन वेगवेगळ्या याद्या घेऊन पॅरिसला आले. देस्पिन यांनी रोग त्यांच्या प्रकृतीनुसार लावले होते. फार यांनी पाच गट केले होते: साथीचे रोग, सगळ्या शरीराचे रोग, एकेका अवयवाचे रोग, वाढीशी निगडित रोग आणि इजा. परिषदेने तडजोड करून १३९ सदरांची यादी मान्य केली. टिकली मात्र फार यांची मांडणी.

तर्कशास्त्राच्या कसोटीवर ही मांडणी लंगडी आहे. कुठे जंतूनुसार गट, कुठे अवयवानुसार, कुठे वयानुसार. फुफ्फुसाचा क्षय फुफ्फुसाच्या रोगांत सापडत नाही, तो संसर्गजन्य रोगांत असतो. न्यूमोनिया मात्र बहुतेक वेळा फुफ्फुसाच्याच प्रकरणात. गरोदरपणात बळावलेला हृदयरोग हृदयाच्या प्रकरणात न जाता गरोदरपण आणि बाळंतपणाच्या प्रकरणात जातो. हा विसंगतपणा जाणूनबुजून ठेवलेला आहे. ज्या मृत्यूंवर एकत्रित उपाय करायचा, ते एकत्र दिसले पाहिजेत. बाळंतपणातले मृत्यू हृदय, मूत्रपिंड, रक्त अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरले, तर माता किती दगावतात हे कुणालाच कळणार नाही.

१८९३ मध्ये शिकागोला फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची नवी यादी मांडली. तिच्या सर्वांत सविस्तर रूपात १६१ सदरं होती. १९०० पासून तिच्या ठरावीक काळाने सुधारित आवृत्त्या निघू लागल्या. १९४८ ची सहावी आवृत्ती नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने काढली आणि मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसांचे आजारही यादीत आले. दहाव्या आवृत्तीत सांकेतांकांची संख्या सुमारे १४ हजारांवर गेली.

सांकेतांक वाचायची रीत सोपी आहे. दहाव्या आवृत्तीत पहिलं अक्षर बहुधा प्रकरण सांगतं: ए आणि बी संसर्ग, सी कर्करोग, आय रक्ताभिसरण. पुढचे दोन आकडे रोग, आणि टिंबानंतरचा आकडा त्याचा पोटप्रकार. ए ०० म्हणजे कॉलरा. यू हे अक्षर नव्या, अनपेक्षित आजारांसाठी राखून ठेवलं होतं. २०२० मध्ये ते उपयोगी पडलं: तपासणीत विषाणू सापडलेला कोविड यू ०७.१, न सापडलेला पण लक्षणांवरून ठरवलेला यू ०७.२. माणूस कोविडने गेला की कोविड असताना गेला, हा तेव्हा घराघरांत झालेला वाद म्हणजे खरं तर दाखल्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागातला फरक होता.

नियम बदलले की आकडे बदलतात. अमेरिकेने मृत्यूच्या नोंदीसाठी १९९९ मध्ये दहावी आवृत्ती स्वीकारली. जुने दाखले नव्या नियमांनी पुन्हा तपासले, तेव्हा इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाच्या नावावरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. एकही माणूस त्यामुळे वाचला नव्हता. न्यूमोनिया हा दुसऱ्याच आजाराचा परिणाम मानण्याची मुभा नव्या नियमांत जास्त होती, म्हणून ते मृत्यू त्या मूळ आजारांकडे गेले, एवढंच. अशा वेळी दोन आवृत्त्यांनी मोजलेल्या मृत्यूंचं गुणोत्तर काढून मगच जुना आणि नवा आलेख जोडावा लागतो.

आणि हे सगळं नीट करूनही खालून येणारा कच्चा माल कच्चाच असेल तर? ‘हृदयक्रिया बंद पडली’ यालाही सांकेतांक आहे, आय ४६. ‘वृद्धापकाळ’ आर ५४. काहीच धड कळलं नाही तर आर ९९. लिहिलेलं कुठेतरी बसवावं लागतंच, म्हणून हे कप्पे आहेत. जागतिक रोगभाराचा अभ्यास करणारे क्रिस्टोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांनी अशा निरुपयोगी सांकेतांकांना ‘कचरा सांकेतांक’ म्हटलं. शब्द कठोर आहे, पण मला तो रास्त वाटतो. आर ९९ मध्ये गेलेल्या माणसाच्या मृत्यूतून मागे राहिलेल्यांना काही शिकता येत नाही. ‘वृद्धापकाळा’बद्दल मात्र मतभेद आहेत, जपानमध्ये २०१८ पासून ते मृत्यूचं तिसऱ्या क्रमांकाचं कारण म्हणून नोंदवलं जातं आणि तिथले डॉक्टर ते विचारपूर्वक लिहितात.

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. ती मुळातच संगणकासाठी रचलेली आहे. कॉलरा आता १ए००. शून्य आणि एकाशी घोटाळा होऊ नये म्हणून ओ आणि आय ही अक्षरं वगळली आहेत. पक्षाघाताचा झटका रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून उठून मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला.

पण जगातल्या असंख्य मृत्यूंपाशी दाखला लिहायला डॉक्टरच नसतो. माणूस घरी जातो, अंत्यविधी होतात. अशा ठिकाणी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एक प्रशिक्षित माणूस त्या घरी जाऊन बसतो. तो डॉक्टर नसतो. त्याच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली असते. ताप किती दिवस होता? खोकल्यातून रक्त पडायचं का? श्वास भरभर चालायचा का? अंगावर पुरळ आला, तो तापाच्या आधी की नंतर? शेवटच्या महिन्यात कुठे पडझड, मार? उत्तरं जमली की डॉक्टर किंवा संगणकाची प्रणाली त्यावरून बहुधा कारण काय असावं ते ठरवते आणि सांकेतांक देते. गेलेल्या माणसाजवळ रात्रभर बसलेली व्यक्ती समोर असेल, तर ती दिवस मोजून सांगते: मंगळवारी ताप आला, शुक्रवारी पुरळ.